पहिली पत्नी : हयात

१२ जाने. १९५६
यांची रजा संपत आली. पुढच्या आठवड्यात निघणार. आज जेवताना सहज सांगावं तसं म्हणाले, "मी मेलो तं तुले अन् पोट्टीले सरकार देईल. पलटणीच्या कचेरीत सगळं लिहून देलं. एक अक्षर खोटं नाई." ताटावर बसून असलं बोलतात का, म्हणून मी ओरडले. हसले नुसते. पुन्हा भात मागितला.

खरं बोलायची फार हौस माणसाला. मास्तर (माझे पहिले) तापाने गेले, त्यानंतर यांनी मला मागणी घातली. पंचांनी विचारलं, विधवेवर उपकार करतोस का? तर भर बैठकीत म्हणाले, "उपकार नाई. ही बाई मले आवडते म्हणून करून राह्यलो." जात पोट धरधरून हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज आठवलं की बरं वाटतं.

१४ जाने. संक्रांत
सासूबाईंनी हळदकुंकू आधी बांधावरच्या रुईला लावलं, मग मला. दरवर्षी हेच. कुंवाऱ्या पोराने विधवेशी पाट लावायचा तर आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावायचं, ही यांच्याकडची चाल. म्हणजे लग्नाची बायको ती आणि पाटाची मी. बाकीच्या घरांत हळद उतरली की रुई उपटून नदीत सोडून देतात. सासूबाईंनी नाही सोडली. म्हणे, घरात आणलेली सून नदीत कशी टाकू. भोवती मातीचा ओटा केला, रोज तांब्याभर पाणी. आता माझ्या खांद्याला लागते.

यांना म्हटलं, थोरली माझ्याहून गोरी आहे हो तुमची. म्हणाले, "अन् बोलत नाई. लय मोठा गुण हाय." तिळाचा लाडू फेकून मारला. आमच्या मंजीने तो उचलून खाल्ला.

२० जाने.
गेले. मूल गावापर्यंत मोटर, पुढे रेल्वे. निघताना आईला ओट्यावर बसवलं आणि भासऱ्यांना (यांचे थोरले भाऊ) समोर उभं करून म्हणाले, "भाऊ, माह्या हिश्शाचं वावर मंजीचं. माय आयकून राह्यली. इसरू नको." भासरे म्हणाले, "पोट्टी काय वावर डोक्यावर घेऊन सासरी जाणार हाय का?" हे म्हणाले, "हो. पोट्टी घेऊन जाईन."

सगळे हसले. मीही.

४ एप्रिल
मोहफुलं वेचून कंबर गेली. यांचं पत्र आलं. पूर्वेकडच्या डोंगरात आहेत, कुठे ते लिहायला बंदी. थंडी फार. लोक बांबूचे कोंब खातात, आपल्या धानोऱ्याकडच्या माडियांसारखे. "मंजीले माहा फोटो दाखवत जा, नाई तं मले पाहून रडन." रोज दाखवते. फोटोला ती "शिपाई" म्हणते. बाबा म्हणायला शिकवतेय.

१९ मे
तार आली.

गडचिरोलीहून डाकवाला सायकल हाकत आला आणि पाणी न पिता परत गेला. हेडमास्तरांनी वाचली. दोनदा वाचा म्हटलं. दुसऱ्यांदाही तेच.

२१ मे
प्रेत येणार नाही. तिकडेच अग्नी दिला.

बांगड्या भासऱ्यांच्या अंगणात फोडल्या. दुसऱ्यांदा. या वेळी हात पुढे करायला कुणाला सांगावं लागलं नाही. बायका म्हणाल्या, हिला रडू येत नाही, सवय झाली हिला. मेल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या बोलत होत्या आणि मी दगड होऊन बसले होते.

मग सासूबाई उठल्या आणि बांधावर गेल्या. ओल्या फडक्याने रुईचं कुंकू पुसलं. मी पाहिलं. तेव्हा रडू आलं. एवढं आलं की जावेने मला धरून घरात नेलं.

२ जून
मंजी फोटोला आज आपण होऊन "बाबा" म्हणाली. आज!

२३ जुलै
धानाची रोवणी चालू. पाण्यात उभी होते, तिथेच हेडमास्तरांचा निरोप. पलटणीच्या दफ्तरातून कागद आलाय, इंग्रजीत. चिखलाच्या पायांनी गेले. त्यांनी अर्थ सांगितला. मयताने आपल्या दोन बायका नोंदवल्या आहेत. पहिली पत्नी, नाव रुईबाई, हयात. दुसरी मी. पेन्शनीचा हक्क पहिलीचा. ती हयात नसल्यास मृत्यूचा दाखला जोडावा, मग दुसरीचा विचार करू.

हेडमास्तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मग आम्ही दोघंही हसलो. लाज वाटली पाहिजे, पण हसलो. मास्तरांबरोबर नोकरी केलेला माणूस. त्यांच्यासमोर हसता येतं.

घरी येईपर्यंत हसू संपलं होतं.

६ सप्टें.
नदी उतरली आणि चांद्याचे रहीमभाई आले, यांची ट्रंक घेऊन. एकाच तुकडीत होते, आत्ता रजेवर. वैनगंगेवर डोंग्यासाठी (होडीसाठी) दिवसभर बसून राहिले, तरी ट्रंक दुसऱ्याच्या हाती दिली नाही. मी तो कागद त्यांच्यापुढे टाकला. ऐकून कपाळावर हात मारला त्यांनी.

ते होते तिथे. नोंद घेणारा कारकून पंजाबकडचा. विचारलं, शादी कितनी? हे म्हणाले, दोन. पहली का नाम? रुई. जिंदा है? "भाभी, मैं बाजूलेच उभा होतो. मी कोपर मारलं त्याले, अबे गणपत, ते झाड होय, कायले लिहून राह्यला? तो बोला, माय रोज पाणी घालते तिले, मेली कसं लिहू? झूठ नहीं लिखवाऊंगा." कारकुनाने पुढे "बाई" जोडलं, आदर म्हणून.

राग आला. इतका आला की ट्रंक उघडलीच नाही. माणूस मरणाची तयारी करतो, बायकोपोरीची सोय करतो, आणि ती करताना झाडाची सुद्धा अब्रू राखतो. माझी कोण राखणार होतं हो?

७ सप्टें.
ट्रंक उघडली. मंजीसाठी लाल लोकरीची टोपी. इथल्या उन्हात कशाला लागते. डोक्यावरून काढू देत नाही.

३ ऑक्टो.
गडचिरोली, तहसील कचेरी. सासूबाईंना बरोबर नेलं. तिथला कारकून माणूस चांगला, खुर्ची दिली. मी खरं ते सांगितलं. म्हणाला, बाई, हे मला समजतं, मी ब्रह्मपुरीकडचा. पण कागद जिथे जाणार तिथे कुणाला समजणार? ते म्हणतील सवतीला लपवते आणि झाड सांगते. त्यापेक्षा कोतवालाच्या जन्ममरणाच्या बुकात तिचं मरण टाकून घ्या, नक्कल काढा, पाठवा. "मरून जाऊ द्या तिला. कोणाचं काय जाते?"

परत येताना बैलगाडीत सासूबाई म्हणाल्या, "जित्तीले मेली कशी म्हणू?" तोच हट्ट. लेक कुठून शिकला ते कळलं.

९ ऑक्टो.
पंचांना विनवलं, की रुई म्हणजे झाड एवढं लिहून अंगठे द्या. पाटील म्हणाले, "सरकारात असं लिहून देलं तं जातीची हशी होईन बाई. झाडासंग लगन लावते म्हणतीन आपल्याले." लावता ना पण? "लावतो. लिहून काऊन द्याचं?"

लावायला लाज नाही. लिहायला लाज.

२२ ऑक्टो.
भासरे माझ्याशी सरळ बोलत नाहीत, मीही पदर घेऊन बाजूला होते. रीत आहे. आज सासूबाईंना मध्ये घालून म्हणाले, "सांग तिले, कोतवालाकडून मी करून आणलं. रुईबाईचं मरण टाकलं बुकात. नक्कल गेली चांद्याले. आता चिंता नाई करू म्हणा."

मला विचारलं नाही, पण त्रास घेतला. गडचिरोलीला दोन खेपा घातल्या म्हणे. मी सासूबाईंच्या आडून म्हटलं, फार उपकार झाले. जावेकडे वाटीभर तूप पाठवलं. माणसाला उगाच वाईट धरून चालते मी, हा माझा दोष आहे.

१ नोव्हें.
आजपासून आपण मुंबई राज्यात. शाळेत झेंडा, पोरांना बत्तासे. मंजीलाही मिळाला. कचेऱ्यांचे कागद आता नागपूरऐवजी मुंबईला जाणार की कुठे, कुणालाच सांगता येत नाही. माझा कागद कुठे असेल.

१५ नोव्हें.
हेडमास्तर घरी आले. कधी येत नाहीत. म्हणाले, तुमच्या भासऱ्यांनी धाकट्या मुलाचं, बबनचं, नाव आज शाळेत घातलं. बाप म्हणून गणपतचं नाव सांगितलं. आई रुईबाई, मयत. मी म्हटलं, अहो पण तुम्ही ओळखता त्याला, तो त्यांचाच. म्हणाले, ओळखतो, म्हणून अजून लिहिलं नाही. पण कोतवालाच्या बुकात बाई मेली आहे, तिला मूल असू शकतं, असं ते मला सांगत होते. पाटील बरोबर होते, मान हलवत.

आता कळलं दोन खेपा कशाला घातल्या. बाई झाली, मेली, आता तिला मुलगा झाला. लग्नाच्या बायकोचा मुलगा. त्याचं वावर, त्याची पेन्शन, आणि पालनकर्ते भासरे. पाटाची बायको आणि तिची पोरगी कोण लागते मग?

आणि मी तूप पाठवलं. माझ्या हाताने कढवलेलं.

१६ नोव्हें.
जाऊ विहिरीवर भेटली. मी म्हटलं, तू नऊ महिने पोटात वागवलास ना गं बबनला? डोळे पुसले तिने. "माह्या पोट्ट्याले मीच मावशी म्हणायले शिकवून राह्यली. काय करू? मारते तो." भरलेली घागर तशीच टाकून गेली. ती मी तिच्या दारात नेऊन ठेवली.

२९ नोव्हें.
चांद्याला सैनिकांची कचेरी आहे, तिथे रहीमभाईंनी स्वतः अर्ज नेऊन दिला. आज त्यांचं पत्र. तिथले सुभेदारसाहेब म्हणाले, येऊन चौकशी करतो, घरातल्या वडील माणसाची जबानी घेईन, त्यावर ठरेल.

वडील माणूस म्हणजे सासूबाई. दोन लेकांची आई. एक मेलेला, एक जेवायला वाढणारा.

१० डिसें.
धान कापणी. आमच्या हिश्शाच्या बांध्याही (धानाची खाचरं) भासऱ्यांनी आपल्या माणसांकडून कापून घेतल्या. धान त्यांच्या खळ्यावर. मी मधे उभी राहिले तर माणसं माझ्या बाजूने विळे चालवत निघून गेली. गडी ओळखीचेच. त्यांनाही पुढच्या सालाचं काम हवंय.

१८ डिसें.
सासूबाईंना विचारायचं नाही असं ठरवलं होतं. राहवलं नाही. काय सांगाल साहेबांना? भाकर थापत होत्या. "जे हाय ते." म्हटलं, काय आहे? भाकर करपली. त्यांची भाकर कधी करपत नाही.

भासऱ्यांनी त्यांना पढवलंय. म्हणे, यांची पहिली बायको शिरोंच्याकडची होती, तेलुगू बोलायची, पटकीने गेली, माहेरचं कुणी उरलं नाही. इथून शिरोंच्याला विचारायला कोण जातंय! पुरता विचार केलाय माणसाने.

खरं सांगायचं तर रात्रंदिवस एकच भीती आहे. मी हरले तर मंजी या घरात कोण? नोकराची पोर बरी, तिला निदान मजुरी असते.

९ जाने. १९५७
उद्या सुभेदारसाहेब येणार. सकाळी सासूबाई तांब्या घेऊन बांधावर गेल्या आणि तशाच भरल्या तांब्याने परत आल्या. चेहरा बघवेना. मी धावत गेले.

रुई नाही. ओटा फोडलेला, मुळापर्यंत खड्डा. पानं सुद्धा वेचून नेलेली. चीक सांडलेला होता मातीवर, पांढरा.

मला वाटलं नव्हतं कधी तिच्यासाठी असं होईल. सवत म्हणून चार वर्षं चेष्टा केली तिची. खड्ड्याजवळ बसून राहिले.

मग भासऱ्यांच्या दारात गेले. पदर घेतला नाही. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्याशी सरळ बोलले. म्हटलं, "तुम्ही खणली?" त्यांनी माझ्याकडे न बघता आत आवाज दिला, "सांगा तिले, बायको मेली की तिले ठेवत नाई घरात."

१० जाने.
सगळं आजच लिहायला हवं.

सुभेदारसाहेब आले. देशावरचे, वयस्क, छत्री घेतलेली. ओसरीवर बाज टाकली. पाटील, कोतवाल, हेडमास्तर, अर्धा गाव. भासऱ्यांनी सांगायचं ते सांगितलं, शिरोंचा, पटकी, सगळं. बबनला पुढे केलं. पोराने पाठ केलेलं म्हटलं आणि आईकडे पाहिलं. जाऊ दाराआड होती.

मी माझं सांगितलं. झाड कुठे आहे, त्यांनी विचारलं. म्हटलं, कालपर्यंत होतं. भासरे हसले. सुभेदारसाहेब हसले नाहीत, पण त्यांनी कागदावर काही लिहिलंही नाही. मला वाटलं, संपलं.

मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, "आजी, तुमच्या लेकाच्या बायका किती?"

सासूबाई म्हणाल्या, "दोन."

भासरे पाटलांकडे बघून मान हलवत होते.

"थोरली कशी गेली?"

"पटकी नाई झाली तिले. ह्या माह्या थोरल्या पोट्ट्यानं, दौलत्यानं, खंदली तिले. कुदळीनं. मी आणली होती ते सून, साहेब. माह्या हातानं हळद लावली. रोज पाणी घालो मी. ते मेली नव्हती. जित्ती होती. ह्यानं मारली."

सुभेदारसाहेबांची दौत कलंडली. सासूबाईंनी त्यांचा हात धरला, साहेबाचा, आणि त्यांना चालवत बांधावर नेलं. गाव मागे. खड्ड्याशी बसल्या, तोंडावर पदर घेतला आणि सुनेसाठी रडतात तशा मोठ्याने नाव घेऊन रडल्या. लेकासाठी सुद्धा अशा रडल्या नव्हत्या. की त्याच्यासाठीचंच राहिलेलं होतं, कोण जाणे.

सुभेदारसाहेब मला हळूच म्हणाले, "म्हणजे, बाई, झाड?" म्हटलं, हो, झाड. रुईचं. "आणि हा मुलगा?" तेवढ्यात जाऊ गर्दीतून आली, बबनचा हात धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माहा हाय." त्याला घेऊन चालती झाली. भासऱ्यांनी हाक मारली. थांबली नाही.

ओसरीवर परत आल्यावर सुभेदारसाहेबांनी टाक हातात घेतला. म्हणाले, "जबानी शब्दाला शब्द लिहावी लागते. वरचे साहेब कुठलेकुठले. त्यांना हे कसं कळावं?" मग इंग्रजीत लिहीत गेले. सासूबाईंचा अंगठा घेतला. मी म्हटलं, मला वाचून दाखवा. म्हणाले, तसा नियम नाही, कळवू. गाडीत बसून गेले.

भासरे दुपारपासून घरी नाहीत. जाऊ बबनला घेऊन आमच्याकडे आहे. मंजीने त्याला आपली लाल टोपी दिली, मग परत मागितली, भांडण झालं.

सासूबाई जेवल्या नाहीत. कोपऱ्यात होत्या. मघाशी मला जवळ बोलावून विचारलं, "साहेबानं मी बोलली तसंच लिहिलं काय? कुदळीनं मारली म्हणून?" म्हटलं, असेल. "मंग तिकडचे साहेब वाचतीन तं... त्याईले काय मालूम, ते झाड होय. मी माह्या पोट्ट्याले फाशी तं नाई ना लावली?"

नाही हो, म्हटलं. असं होत नसतं. पण त्या कागदावर काय आहे ते मला तरी कुठे माहीत आहे.